कंसातले आवाज

१

दुपारची जेवणं उरकली, आत्माराम आतल्या खोलीत आडवे झाले आणि त्यांच्या घोरण्याला लय सापडली, की राजश्रीची शाळा भरायची. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या वर्गापुढे जन्म घालवलेली बाई निवृत्तीनंतर स्वतः पहिलीत बसली होती. शाळा म्हणजे बाहेरच्या खोलीतला टीव्ही, त्याला वायरीनं जोडलेला मृणालीचा जुना लॅपटॉप आणि मांडीवर चहाचा ट्रे. ट्रेवर माऊस. विषय तुर्की.

रत्नागिरीत, मांडवीच्या त्या बोळात, तुर्की भाषेचं कोणाचं काही अडलं असेल असं कोणाला वाटलं नसतं. शेजारच्या सावित्रीकाकी तर तोंडावरच म्हणायच्या, "काय गो राजश्री, मालिकाच बघायची तर आपल्यातली बघ की. त्यात काय कमी रडतायत?"

पण राजश्री रडणं बघत नव्हती. ती खालच्या ओळी बघत होती. तुर्की अक्षरं इंग्रजीसारखीच, फक्त काहींच्या डोक्यावर टिंबं आणि काहींच्या पायांना शेपट्या. एखाद्या शब्दावर बाण नेऊन टिचकी मारली की चित्र जागच्या जागी थांबायचं आणि शब्दाशेजारच्या पिवळ्या चौकटीत मराठी अर्थ उमटायचा, कधी धड, कधी धेडगुजरी. पुन्हा टिचकी मारली की चित्र पुढे चालू. मृणालीनं, म्हणजे तिच्या लेकीनं, ही सोय करून दिली होती. पहिल्याच आठवड्यात 'साबुन' म्हणजे साबण आणि 'हावा' म्हणजे हवाच, हे कळल्यावर राजश्री इतकी खूश झाली की तिनं झोपलेल्या नवऱ्याला उठवून सांगितलं. आत्माराम म्हणाले, "बरं." आणि कूस बदलली.

ही सगळी उठाठेव सुजयसाठी होती. सुजय तिचा मुलगा, मालवाहू बोटीवर खलाशी. मागच्या वर्षी तुर्कस्तानातल्या एका बंदराबाहेर बोट नांगर टाकून उभी होती. सुजय पाळीवर म्हणून डेकवर गेला तो खाली आलाच नाही. पडताना कोणी पाहिला नाही, ओरडणं कोणी ऐकलं नाही. शोधलं, सापडला नाही. कंपनीनं दुःख व्यक्त केलं.

त्याच बोटीवर वेळणेश्वरचा ओमकार होता. सुट्टीवर आल्यावर तो मुद्दाम घरी येऊन, मान खाली घालून सांगून गेला, "काकी, किनारा दिसत होता हो. गावातले दिवे दिसत होते." बिचाऱ्यानं सांगितलं ते हळहळ म्हणून. राजश्रीनं त्यातलं नेमकं एवढंच उचललं, की किनारा दिसत होता. मांडवीच्या जेटीवरून उड्या मारत वाढलेलं पोर दिसत्या किनाऱ्यासमोर बुडेल कसं? पोहत लागला असणार कुठेतरी. डोक्याला मार बसला असेल, नाव आठवत नसेल, कुठल्या तरी इस्पितळात पडून असेल. तिथल्या माणसांना विचारायचं तर त्यांच्या भाषेत विचारायला हवं. तिनं हे एवढ्या सरळपणे मांडलं की मृणालीला नाही म्हणता आलं नाही.

२

गणपती गेले आणि पितृपक्ष तोंडावर आला, तेव्हा आत्मारामांनी विषय काढला. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. गाडी लागली आहे, सुटणार आहे, एवढंच बोलायची त्यांना सवय. त्या सकाळीही ते तसंच बोलले.

"पालीहून भटजी येऊन गेले. करून घेऊया म्हणतात."

काय करायचं ते राजश्रीला सांगावं लागलं नाही. ज्याचा देह मिळत नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात आणि मग तो माणूस रीतसर गेलेला होतो. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची रीत आहे; पण पाण्यात गेल्याची खात्री असेल तर थांबायचं कारण नाही, असं भटजींचं म्हणणं पडलं. पुतळा आधी झाला तर चतुर्दशीला श्राद्ध करता येईल. अपघातात गेलेल्यांची ती तिथी.

"कोणाला आहे खात्री?" राजश्रीनं विचारलं.

आत्माराम चष्मा काढून पुसू लागले.

"जित्या पोराच्या नावानं पाणी सोडायचं? हात तरी उचलेल का तुमचा?"

"अगो, तेच तर," आत्माराम म्हणाले. त्यांचा आवाज एकाएकी बारीक झाला. "पाण्यात गेला तो. खाऱ्या पाण्यात. तहानेला असेल गो. आपण नाय दिलं तर त्याला पाणी कोण देणार?"

यावर राजश्री चिडली. भांडण बरंच लांबलं. शेवटी ठरलं ते असं, की तिला आणखी थोडे दिवस द्यायचे. तिथल्या इस्पितळात ती स्वतः फोन करून विचारेल. नाही म्हणाले तर बघू.

३

दुसऱ्या दिवशी मालिकेत प्रेमी जोडपं डोंगरावर उभं होतं. मुलगी, तिच्यामागे लागलेले दोन सख्खे भाऊ आणि सगळ्यांच्या चहात काहीतरी कालवत फिरणारी आत्या, असा त्या मालिकेचा एकंदर संसार होता. डोंगरावर वारा होता, बाकी काही नाही. आणि खाली कंसात ओळ उमटली.

कंसातल्या ओळी आवाजांच्या असायच्या. कमी ऐकू येणाऱ्यांसाठीची सबटायटल्स मृणालीनं मुद्दाम लावली होती, कारण त्यात एकेक शब्द नीट लिहिलेला असतो. मग बोलण्याबरोबर आवाजही यायचे. [दार वाजते.] [दूर कुत्रा भुंकतो.] राजश्रीला त्या ओळी आवडायच्या, लहान आणि सोप्या.

या वेळची ओळ तिनं शब्दाशब्दावर टिचकी मारून लावली. 'देमिर', लोखंड. 'कापी', दार. आणि शेवटचं क्रियापद, करकरणे. [लोखंडी फाटक करकरते.]

डोंगरावर फाटक कुठलं? तिनं चित्र मागे नेऊन पाहिलं. गवत, आकाश, मुलीचे उडणारे केस. तेवढ्यात बाहेर स्वतःच्या अंगणाचं फाटक करकरलं आणि सावित्रीकाकी डबा परत द्यायला आल्या.

योगायोग. राजश्री चार घटका त्यावर हसली आणि विसरूनही गेली. पण दोन दिवसांनी आत्या चहात पूड टाकत असताना कंसात आलं, [भांडे पडते], आणि क्षणभरानं स्वयंपाकघरात मांजरानं वाटी पाडली. त्यानंतर पंखा कुरकुरण्याआधी पंखा आला. आत्मारामांच्या खोकल्याआधी खोकला आला. ओळ आधी, आवाज मागून. दोहोंमध्ये जेमतेम पापणी लवण्याइतकी फट असायची. राजश्री त्या फटीत अंग चोरून बसू लागली.

संध्याकाळी मृणाली बँकेतून आल्यावर तिनं सांगितलं. मृणालीनं लॅपटॉपवर काहीबाही दाबून पाहिलं.

"सिंक गेलंय, आई. दुसऱ्याच एपिसोडच्या ओळी लागल्यात."

"आपलं फाटक वाजलं ते त्यांना कसं कळलं मग?"

"फाटकं काय फक्त आपल्याकडेच असतात? मांजरं, भांडी, खोकला... कुठल्याही घरात हेच आवाज असणार ना."

हे पटण्यासारखं होतं. चौथीच्या मुलांना कार्यकारणभाव शिकवलेल्या बाईला तर पटायलाच हवं होतं. राजश्रीनं मान डोलावली आणि त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा घातलं.

४

फोन मृणालीनं लावून दिला. त्या बंदराच्या गावातलं मोठं इस्पितळ. राजश्रीनं वाक्य पाठ करून करून गुळगुळीत केलं होतं, 'मी माझ्या मुलाला शोधते आहे.' पलीकडून बाईचा आवाज आला आणि राजश्रीनं ते म्हटलं. बाई काहीतरी भराभर बोलली. राजश्रीनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मग ती बाई थांबली आणि बालवाडीतल्या मुलाशी बोलावं तसं सावकाश बोलू लागली. नाव? वय? कुठला? राजश्रीनं एकेक शब्द मोजून दिला. हिंदुस्थानी. सव्वीस. समुद्र. बोट. नाव आठवत नसेल त्याला, हे काही तिला नीट सांगता आलं नाही.

बाई उठून बघायला गेली. फोनमध्ये तिथल्या लांबलचक खोल्यांचा आवाज येत राहिला. ती परत आली आणि म्हणाली, "योक."

म्हणजे नाही. त्यापुढेही ती बरंच काही बोलली, पण राजश्रीला त्यातला एकच शब्द कळला, 'तेय्झे'. मालिकेतल्या मुली म्हाताऱ्या शेजारणीला म्हणायच्या. मावशी. सातासमुद्रापलीकडच्या त्या पोरीनं तिला मावशी म्हटलं होतं. फोन ठेवल्यावर राजश्री त्याचंच कौतुक करत राहिली, आणि मृणाली मोरीत जाऊन नळ सोडून रडली.

त्या दुपारी राजश्रीनं मालिका लावली ती निव्वळ सवयीनं. मुलगी धाकट्या भावाला नाही म्हणत होती. कंसात आलं, [ओल्या पायांनी कोणी फरशीवर चालते].

राजश्री आवाजाची वाट बघत बसली. ओळ आधी, आवाज मागून, असा नियम होता. आत आत्माराम घोरत होते. अंगणात माडाची झावळ घासत होती. फरशीवर पाय काही वाजले नाहीत. तिनं चित्र मागे नेलं, पुन्हा लावलं. या खेपेला ती ओळच नव्हती. मुलगी नाही म्हणत होती आणि खाली फक्त तेवढंच लिहिलेलं होतं.

५

त्यानंतर दुपारी मालिका सुरू झाली की केव्हातरी तशी एक ओळ यायची. आधी [मागच्या पायरीवर पाणी ठिबकते]. मग [कोणी अंग पुसते]. एकदा नुसतंच [श्वास]. आवाज कधीच नाही. घरातल्या खऱ्या आवाजांच्या ओळी यायच्या बंद झाल्या होत्या. सावित्रीकाकी फाटक आपटून आल्या तरी कंसात काही उमटायचं नाही. कंस आता एकाच माणसाचे राहिले होते.

भ्यायला हवं होतं, हे राजश्रीला कळत होतं. दुसऱ्या कोणाच्या घरची गोष्ट असती तर ती स्वतःच म्हणाली असती, बंद करा तो टीव्ही. पण तिच्या पोटात भीती पडायच्या आधीच दुसरं काहीतरी पडायचं आणि ते सगळी जागा व्यापून बसायचं. पोराला कोरडं व्हायला काहीतरी हवं, एवढंच तिला सुचायचं. तिनं मागचं दार दुपारचं उघडं ठेवायला सुरुवात केली. दाराजवळच्या दोरीवर सुजयचा निळा टॉवेल टाकला. संध्याकाळी टॉवेल ओलसर लागायचा. मांडवीत संध्याकाळी प्रत्येकाचाच टॉवेल ओलसर लागतो; समुद्राची हवा आहे. हेही तिला कळत होतं.

आत्मारामांच्या लक्षात आलं.

"दार कशाला उघडं टाकतेस गो? कुत्री शिरतील."

"वारा येतो."

त्यांनी टॉवेलकडे पाहिलं. त्या दुपारी ते झोपले नाहीत. आतून खुर्ची ओढत आणली आणि तिच्या शेजारी बसले. "बघू तरी काय शिकतेस," म्हणाले. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण दुपारची झोप सोडून नवरा शेजारी येऊन बसल्याचं तिला आठवत नव्हतं. तिनं त्यांना दोन-तीन शब्द शिकवले. त्यांनी 'साबुन' म्हणून दाखवलं. ओल्या पावलांची ओळ काही आली नाही.

मालिकेत लग्नाची गडबड होती, ढोल, नाच, हशा. आणि त्या सगळ्या हशाच्या खाली कंसात उमटलं, [म्हातारा माणूस रडतो].

राजश्रीनं अर्थ लावला आणि हळूच शेजारी पाहिलं. आत्माराम टीव्हीकडे बघत ताठ बसले होते. आवाज नाही, हुंदका नाही. चष्म्याच्या खालून पाणी गालावर येत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. वर्षभरात तिनं त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. ते असेच रडत असणार, रोज, आतल्या खोलीत, घोरण्याच्या आधी किंवा नंतर.

"काय लिहिलंय तिथं?" त्यांनी विचारलं.

"ढोल वाजतायत म्हणून," राजश्री म्हणाली.

६

हाक आली ती त्याच्या दुसऱ्या दिवशी. आत्माराम पडले होते, मृणाली कामावर. मालिकेतली आत्या खिडकीशी एकटीच बसली होती, ओठ मिटून. खाली ओळ आली. या वेळी कंसात फक्त बोलणाऱ्याची खूण होती, [तरुणाचा आवाज], आणि पुढे एकच शब्द, 'आन्ने'.

त्यावर टिचकी मारायची गरज नव्हती. तो शब्द तिनं सगळ्यात आधी शिकला होता. आई.

'ओ' तिच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. समोर माणूस दिसत नसेल तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्याही नाही; तिसरी झाली की खुशाल द्यायची. जितं माणूस तीनदा हाक मारतं. जितं नसतं त्याला तिसरी हाक मारता येत नाही. सासूबाईंनी हे लग्नाच्या पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात प्रत्येक सुनेला कोणीतरी सांगतंच. सुजयलाही तिनंच शिकवलं होतं. शाळेतून येताना फाटकातूनच तो तिन्ही हाका एका दमात मारायचा, म्हणजे आईला थांबायला नको. त्याला नियम ठाऊक होता. तो तीनदा मारणार. राजश्रीनं तोंडावर हात दाबून धरला.

टीव्हीवर आत्या तशीच बसलेली. पुन्हा ओळ आली, [तरुणाचा आवाज] आन्ने.

दुसरी. स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या वाटेवरचा पडदा आत ओढला गेला, मागचं दार उघडं असलं की तो नेहमीच ओढला जातो, आणि परत सैल पडला नाही. कापड कशावर तरी अडकून राहावं तसा तो मध्येच फुगून राहिला. खांद्याइतक्या उंचीवर. राजश्रीचे डोळे तिथं, कान तिथं, आणि मनात एकच धोशा, आणखी एकदा, बाळा, फक्त एकदा. मार हाक. आई इथंच आहे. एकदा मार, की मी नियम पाळला असं होईल आणि तुला ओ देता येईल.

आत्या उठून गेली. दुसरा प्रसंग सुरू झाला. पडदा सैल पडला.

राजश्री एपिसोड संपेपर्यंत वाट बघत राहिली, मग पुढचा एपिसोड, मग त्याच्या पुढचा. आत्माराम चहाला उठले तेव्हा तिचा हात अजून तोंडावर होता. तिनं तो खाली घेतला.

"अहो," ती म्हणाली. "भटजींना सांगा. करूया."

७

पुतळा खाडीकाठी करायचा होता, पण सामान घरातून जायचं होतं. पळसाची पानं, दर्भ, डोक्याच्या जागी ठेवायला नारळ, डोळ्यांच्या जागी कवड्या. आणि दातांच्या जागी डाळिंबाचे दाणे. भटजींनी फोनवर विचारलं, "उंची किती होती?" आणि आत्माराम सांगताना अडखळले, तर राजश्रीनं आतून सांगितलं. 'होती' म्हणून विचारलं आणि तिनं 'होती' म्हणूनच सांगितलं.

डाळिंब सोलायचं काम तिच्याकडे आलं. सुजयचा पुढचा एक दात अर्धा होता, सायकलवरून पडला होता तेव्हापासून. राजश्रीनं एक दाणा नखानं अर्धा केला आणि वाटीत वरती, सहज दिसेल असा ठेवला. भटजींना काय कळणार, पण असू दे.

बायका स्मशानात जात नाहीत. पुरुष माणसं सामान घेऊन गेली आणि त्या दोघी मायलेकी ओसरीवर बसून राहिल्या. परत आल्यावर आत्मारामांनी अंगणात आंघोळ केली आणि दमलेल्या माणसासारखा मोठा श्वास सोडला. त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी थोडी सुटका दिसत होती. पोराला पाणी मिळालं होतं. राजश्रीला त्यांचा हेवा वाटला. मग तिनं उठून मागच्या दाराला कडी घातली आणि निळा टॉवेल घडी करून कपाटात ठेवून दिला.

सुतकात टीव्ही लागला नाही. लावावासाही तिला वाटला नाही.

८

चतुर्दशीचं श्राद्ध झालं. माणसं जेवून गेली. आत्माराम आणि मृणाली अंगणात पत्रावळी आवरत होते आणि राजश्रीला कोणी काही करू देत नव्हतं. तू बस, तू बस. बसून करायचं काय? हातांनी आपोआप ट्रे उचलला. वाटलं, गोष्ट अर्धवट सोडली आहे, त्या मुलीचं पुढे काय झालं तेवढं बघू.

मुलगी बंदरावर उभी होती. खूप लांबून घेतलेलं चित्र, आवाज नाही, संगीतसुद्धा नाही. आणि खाली सावकाश, एकेक अक्षर कोणी जड हातानं लिहावं तशी ओळ आली.

[तरुणाचा आवाज] आन्ने.

राजश्रीला आधी वाटलं, ही पहिली. मग तिनं बोटांवर मोजलं. ही पहिली नव्हती. तिसरी हाक किती वेळात यावी, हे सासूबाईंनी कधी सांगितलं नव्हतं आणि तिनंही कधी विचारलं नव्हतं.

स्वयंपाकघराच्या वाटेवरचा पडदा जमिनीपासून वीतभर वर होता. त्या वीतभर जागेत दोन पावलं उभी होती. पांढरी पडलेली, फार वेळ पाण्यात राहिल्यावर पडतात तशा सुरकुत्या पडलेली, बोटं तिच्याकडे. मागच्या दाराला आतून कडी होती. पावलं पुढे येत नव्हती. आत बोलावल्याशिवाय पाहुणा उंबऱ्यात थांबतो तशी थांबली होती.

"ओ!" राजश्री म्हणाली. वर्षभर धरून ठेवलेलं सगळं त्या एका अक्षरातून बाहेर आलं. "ओ रे बाळा, ओ! ये, आत ये. इथंच आहे मी."

मुलगी बंदरावर तशीच उभी होती. खाली नवी ओळ आली, आणि ती कंसात होती. राजश्रीनं पहिल्या शब्दावर टिचकी मारली. चित्र थांबलं. स्त्री. दुसऱ्यावर मारली. परकी. तिसऱ्यावर. भाषेत. चौथ्यावर. बोलते.

[स्त्री परक्या भाषेत बोलते.]

तिनं ती ओळ पुन्हा वाचली. दुसऱ्या शब्दाला आणखी काही अर्थ असेल म्हणून त्यावर पुन्हा बाण नेला. पिवळ्या चौकटीत तोच एक अर्थ होता. पडद्याखालची पावलं बावरल्यासारखी किंचित वळली होती, एक टाच उचललेली, आणि चित्र थांबलं होतं तशीच तीही थांबली होती. पुढची ओळ कुठली असणार ते तिला ठाऊक होतं. असल्या मालिकांत अशा वेळी एकच ओळ येते, [पावले दूर जातात].

तिला फक्त त्याच्या आताच्या भाषेत एवढंच म्हणायचं होतं, ये. वर्षभर शिकली होती ती. साबण आठवला, हवा आठवली, लोखंड, दार, मावशी, नाही. ये काही केल्या आठवेना. तो शब्द तिनं शंभरदा ऐकला होता. प्रत्येक भागात कोणी ना कोणी कोणाला तरी ये म्हणायचंच.

दिवेलागणीला मृणाली आत आली. आई अंधारात टीव्हीसमोर बसली होती, ट्रे मांडीवर, हात माऊसवर, नजर स्वयंपाकघराच्या वाटेवरच्या पडद्यावर. टीव्हीवर बंदराचं चित्र ठप्प उभं. मृणालीनं दिव्याचं बटण दाबलं आणि शेजारी बसून तिच्या पाठीवर हात ठेवला.

"आई, किती वेळ तेच चित्र? पुढे जाऊ दे ना आता."

"जाऊ देते गो," राजश्री म्हणाली. "मला तेवढा एक शब्द आठवू दे."